मोडलें म्हणजे मेलें काय ?

‘मोडलें कीं टाकलें’ हा आपल्या सुशिक्षित घरांतील नवा कुळाचार होऊन बसला आहे. जुने कुळाचार आपण कारण विचारून सोडले, असा आपणांस अभिमान आहे. हा नवा मात्र आपण कारण न विचारतां स्वीकारला. त्याविरुद्ध चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. निमित्त मिळालें तें एका खेळण्याचें, आणि तेंही माझ्या स्वतःच्या फजितीचें.

माझा धाकटा भाऊ १९८८ सालीं नोकरीनिमित्त न्यू जर्सीस होता. तेथें त्यानें आपल्या मुलासाठीं निन्टेन्डो कंपनीचें व्हिडिओ गेमचें यंत्र घेतलें. १९९१ त कुटुंब पुण्यास परत आलें, तेव्हां तें यंत्र, एक अमेरिकी टीव्ही आणि टेबलाखालीं गुरगुरणारा एक जड ट्रान्सफॉर्मर अशी वरात घरीं आली. पुढें पुतण्या इंजिनिअर होऊन बंगळुरास गेला, टीव्ही भंगारांत गेला, ट्रान्सफॉर्मर कोणी नेला तें आठवत नाहीं, आणि यंत्र माळ्यावर गेलें. गेल्या मे महिन्यांत पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी सुटीसाठीं आली होती. तिनें माळ्यावरून तें खोकें खालीं काढविलें. मीं मोठ्या उत्साहानें अडॅप्टर भिंतींतील प्लगमध्यें घातला. त्याची वायर यंत्राला जोडण्यापूर्वींच जळका वास सुटला आणि अडॅप्टर हात लावूं देईना.

“गेलं !” आम्हीं सर्वांनीं एका सुरांत निकाल दिला. मुलीनें विचारलें, “आजोबा, पण नक्की काय बिघडलंय ?”

तिला तीन उत्तरें मिळालीं. माझा भाऊ म्हणाला, “अगं, फार जुनं झालं ते, टाकून दे.” शेजारचे माझे स्नेही, ज्यांनीं तीस वर्षें महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकविलें, ते म्हणाले, “कॅसेट काढून फुंकर मार, चालेल.” आणि फोनवरून पुतण्यानें सांगितलें कीं, त्या यंत्राची नवी छोटी प्रतिकृति निघालेली आहे, ती मागवूं. तिघेही पदवीधर, तिघेही प्रेमळ. पण मुलीनें जें विचारलें होतें त्याचें उत्तर तिघांपैकीं एकाच्याही बोलण्यांत नव्हतें. माझ्याजवळही नव्हतें.

माझें म्हणणें असें आहे कीं, ‘टाकून द्या’, ‘फुंकर मारा’ आणि ‘नवें घ्या’ हे दिसावयास निराळे असले तरी एकाच रोगाचे प्रकार आहेत. काय बिघडलें हें जाणून घेण्याचा आपल्याला कंटाळा आला आहे, हा तो रोग. आणि आपला हा कंटाळा ओळखूनच कारखानदार आपल्याच वस्तूंना आपल्याविरुद्ध कुलुपें घालूं लागले आहेत. हें खेळण्याच्या उदाहरणानें सिद्ध करतों, कारण खेळण्यांत तें उघडें दिसतें.

आधीं यंत्राची ओळख करून देणें भाग आहे. जपानांत १५ जुलै १९८३ रोजीं तें ‘फॅमिली कॉम्प्युटर’, बोलण्यांत ‘फॅमिकॉम’, या नांवानें विक्रीस आलें. त्याच सुमारास अमेरिकेंत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. दुकानें भिकार खेळांनीं भरून गेलीं होतीं आणि व्यापारी त्या मालाचें नांव काढूं देत नव्हते. म्हणून १९८५ च्या ऑक्टोबरांत हेंच यंत्र न्यू यॉर्कच्या बाजारांत आणतांना कंपनीनें त्याचा वेष पालटला. जपानी यंत्रांत कॅसेट वरून उभी खोंचावी लागे. अमेरिकी यंत्र व्हीसीआरसारखें केलें : पुढचें झांकण उघडावें, कॅसेट आडवी आंत सरकवावी आणि खालीं दाबावी. ‘कॅसेट’ हा शब्द मी मुद्दाम वापरतों, कारण आपल्याकडील त्या काळच्या मुलांनीं तिला तेंच नांव दिलें होतें. वस्तुतः तिच्यांत फीत नसून एक लहानसा बोर्ड असतो. त्या बोर्डाच्या कडेला दोन्ही अंगांस मिळून बहात्तर पट्ट्या असतात, आणि यंत्रांतील तितक्याच स्प्रिंगवजा पिना त्यांस स्पर्श करतात. व्हीसीआरचें सोंग वठविण्यासाठीं या पिना अशा केल्या कीं, कॅसेट सैल आंत जावी आणि खालीं दाबल्यावरच त्यांनीं पकड घ्यावी. शेंकडों वेळां दाबून त्या वांकतात, पट्ट्यांवर मळ चढतो, आणि स्पर्श तुटतो. हें यंत्र दोन्ही वेषांत मिळून जगभर सहा कोटींहून अधिक खपलें. अमेरिकी वेषांतलें जें कोणतें आज माळ्यावरून खालीं येतें, त्याचा पहिला आजार बहुधा हाच असतो.

आमचा पहिला प्रश्न मात्र याहून सोपा होता. मेलें कोण, यंत्र कीं अडॅप्टर ? अडॅप्टरच्या पाठीवर स्वच्छ छापलेलें होतें : आंत १२० व्होल्ट, बाहेर ९ व्होल्ट. आपल्या भिंतींत २३० व्होल्ट असतात. म्हणजे मेला तो अडॅप्टर, आणि त्याला मारणारा मी. ज्या यंत्राच्या मृत्यूवर आम्हीं शिक्कामोर्तब केलें, त्याला विजेचा स्पर्शही झाला नव्हता ! तीन पदवीधरांनीं एका जिवंत यंत्राचें सुतक धरलें होतें.

मी मुलीला घेऊन तपकीर गल्लींत गेलों. पहिल्या दोन दुकानांत यंत्राकडे न पाहतांच ‘हें आतां कोणी करीत नाहीं’ असें उत्तर मिळालें. तिसऱ्या ठिकाणीं एक वयस्क मेकॅनिक भेटले. हें यंत्र त्यांनींही जन्मांत पाहिलें नव्हतें. ते म्हणाले, “साहेब, मशीन ओळखीचं नाही. पण आत पाच व्होल्ट लागत असणार; ते येतात का, एवढं तर बघू.” या एका वाक्यांत जें शिक्षण होतें तें आमच्या तिघांच्या पदव्यांत नव्हतें. या यंत्रांत वीज शिरतांच तिला एका दिशेस वळविणारे चार डायोड आहेत. म्हणून मूळच्या अडॅप्टरची उलटसुलट वाहणारी वीज त्याला चालते तशी साध्या अडॅप्टरची एकदिश वीजही चालते. मेकॅनिकांनीं बाजारांतला ९ व्होल्टचा अडॅप्टर जोडला, मल्टिमीटर लावला, आणि आंत पांच व्होल्ट आले. (हा उपाय वाचकांनीं डोळे मिटून इतर यंत्रांस लावूं नये. अमेरिकी यंत्राचा मूळ अडॅप्टर जपानी फॅमिकॉमला जोडला तर तें खरोखरच मरूं शकतें.)

तांबडा दिवा लागला. पण स्थिर राहीना. सेकंदाला एकदां तो उघडझांप करूं लागला, आणि टीव्हीच्या पडद्यावरील रंगही त्याच तालांत येऊं-जाऊं लागला. येथें आपल्या कथेंत कुलूप येतें.

यंत्रांत एक चिमुकली चिप आहे, आणि प्रत्येक परवानाधारक कॅसेटींत तिची जुळी बहीण. यंत्र सुरू होतांच दोघी एकच गणित एकाच लयींत करूं लागतात व आपापलीं उत्तरें एकमेकींस कळवितात. उत्तरें जुळत राहिलीं तर खेळ चालतो. जुळलीं नाहींत तर यंत्रांतली बहीण मुख्य प्रोसेसरला अडवून पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयास लावते, सेकंदाला एकदां, अखंड. दिव्याची उघडझांप ती हीच. परवाना नसलेली कॅसेट चालूं न देणें हें या कुलुपाचें काम. परंतु त्याला चोर आणि मळ यांतील भेद कळत नाहीं. ज्या मोजक्या पट्ट्यांतून हें संभाषण चालतें त्यांवर धूळ बसली, कीं रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल कॅसेटही चोरीची ठरते. घरधनी दारांत उभा आहे आणि त्याच्या चपलांना चिखल लागला म्हणून त्याच्याच पगारी पहारेकऱ्यानें त्याला हांकलून द्यावें, त्यांतला हा प्रकार आहे.

हें कुलूप कोणाच्या सोयीसाठीं होतें ? १९८३ च्या जपानी यंत्रांत तें नव्हतें. अमेरिकेंत तें आलें त्याला एक प्रामाणिक कारण होतें, हें मी मान्य करतों : भिकार खेळांच्या पुरानें बाजार बुडाला होता, आणि कोणी तरी दार राखणें आवश्यक वाटलें. पण दार राखणाऱ्यानें लवकरच जकातही सुरू केली. परवाना घेणाऱ्या प्रकाशकानें वर्षाला पांचच खेळ काढावे, त्याच्या कॅसेटी कंपनीनेंच बनवाव्या, आणि तो खेळ दोन वर्षें दुसऱ्या यंत्रासाठीं देऊं नये, अशा त्या काळच्या अटी होत्या. अटारी गेम्स या कंपनीनें कुलुपाची नक्कल केली. त्यासाठीं सरकारी कॉपीराइट कचेरींतून तिचा मूळ प्रोग्राम खोटें कारण सांगून मिळविला, आणि १९९२ त अमेरिकेच्या अपील न्यायालयानें तिच्याविरुद्ध मनाईहुकूम कायम केला. मी त्या लबाडीची वकिली करीत नाहीं. मी एवढेंच विचारतों कीं, दोन कंपन्यांच्या या भांडणांत ज्या घरांत दिवा लुकलुकत होता त्या घराचा काय अपराध होता ?

याचें उत्तर कंपनीनें स्वतःच देऊन ठेविलें आहे. १९९३ सालीं तिनें अमेरिकेंत याच यंत्राची स्वस्त आवृत्ति काढली. तींत कॅसेट पुन्हां वरून उभी खोंचावयाची होती, आणि तींत कुलूप नव्हतें. दोन्ही दुखणीं एकदम गेलीं ! म्हणजे वस्तूच्या मालकाला जें आठ वर्षें सोसावें लागलें तें यंत्राला अपरिहार्य नव्हतें. तें एका सोंगासाठीं आणि एका हिशेबासाठीं होतें.

आतां फुंकरीकडे वळूं. माझ्या तर्कशास्त्री स्नेह्यांचा हा उपाय त्यांचा एकट्याचा नव्हे. अमेरिकेपासून आपल्या वाड्यांपर्यंत एका संबंध पिढीनें कॅसेटींत फुंकर मारली आहे, आणि ‘फुंकर मारली कीं चालतें’ हें तिच्या अनुभवाचें बोल आहेत. अनुभव खोटा नाहीं. त्याचा लावलेला अर्थ खोटा आहे. फुंकर मारण्यासाठीं कॅसेट बाहेर काढावी लागते व पुन्हां घालावी लागते. या काढघालींत पिना जराशा निराळ्या जागीं बसतात आणि स्पर्श होतो. श्रेय मात्र फुंकरीला मिळतें, आणि तोंडांतला ओलावा पट्ट्यांवर बसून पुढच्या गंजाची तयारी करतो. मांत्रिकाच्या अंगाऱ्यास आपण हंसतों. पण अंगारा आणि फुंकर यांत तत्त्वतः कोणता फरक आहे? दोहोंतही गुण आला कीं कारण शोधण्याचें संपतें. उलट कॅसेटीच्या पाठीवर छापलेली एक आज्ञा आहे, कीं तिला बेंझिन, थिनर, अल्कोहोल असल्या द्रवांनीं पुसूं नये. दुरुस्तीचा छंद असलेले लोक आज सर्रास आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरतात, आणि पट्ट्या स्वच्छ होतात. छापील आज्ञा व ऐकीव तोडगा या दोहोंनाही प्रश्न विचारावा लागतो, तेव्हांच कोठें मळ निघतो.

आम्हीं काय केलें तें थोडक्यांत सांगतों. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम ठरविला. प्रथम कॅसेटीच्या पट्ट्या अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसाच्या काडीनें पुसल्या. काडी काळी निघाली, उघडझांप कायम राहिली. मग दुसरी कॅसेट तशीच पुसून घातली, तेंच. तेव्हां मुलगी म्हणाली, “दोन्ही एकदम कशा बिघडतील ? दोन्ही जिथे जातात तिथेच काहीतरी असेल.” हें अनुमान शुद्ध होतें, आणि तें तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनीं केलेलें नव्हतें. तळचे सहा स्क्रू काढले, आंतील पत्रा व कॅसेटीचा ट्रे दूर केला, तों पिनांचा कनेक्टर नुसत्या हातानें ओढतां निघून आला. त्याला सोल्डर नव्हतेंच. तो पातेल्यांत कांहीं मिनिटें उकळला, दोन दिवस पुरता वाळविला, बोर्डाची कड पुसली आणि सर्व पुन्हां बसविलें. खेळ सुरू झाला. मधूनच दिवा लुकलुके, म्हणून शेवटीं मेकॅनिकांकडून त्या चिपचा चौथा पाय सोडवून उचलून घेतला. ही युक्ति जगभरच्या छंदी लोकांनीं कधींच शोधून ठेविली आहे. ती चिप कुलूप व्हावयाची कीं किल्ली, हें तो पाय ठरवितो. तो सुटला कीं कुलूप स्वतःस किल्ली समजूं लागतें आणि पहारा सोडतें. आमच्या घरीं त्यामुळें एकाही खेळाची चोरी झाली नाहीं. एवढेंच झालें कीं, आतां पिनांत मळ असला तर चित्र विस्कटतें आणि दोष आपल्या खऱ्या नांवानें समोर येतो. साऱ्याचा खर्च आमच्या एका वेळच्या हॉटेलांतील जेवणाहून कमी आला.

एक गोष्ट मात्र परत मिळाली नाहीं. दुसरी कॅसेट ‘लेजेंड ऑफ झेल्डा’ची होती. अमेरिकेंत १९८७ त निघालेल्या या कॅसेटींत खेळणाऱ्याची प्रगति लक्षांत ठेवण्यासाठीं नाण्याएवढी एक बॅटरी बसविलेली असते. पुतण्यानें सहावी-सातवींत असतांना कित्येक महिने खपून केलेला प्रवास त्या बॅटरीच्या जिवावर जिवंत होता. कॅसेटीला साध्या स्क्रूड्रायव्हरनें न उघडणारे स्क्रू आहेत. त्यांचें निराळें हत्यार आणून उघडलें तेव्हां बॅटरी पूर्ण संपलेली आढळली. नवी बसविली. आतां नव्या आठवणी राहतात, जुन्या येत नाहींत. बॅटरींत जीव असतांना, बाहेरून वीज देत देत, ती बदलतां आली असती. हें फोनवर सांगितलें तेव्हां पुतण्या क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, “एवढी वर्षं आम्हांला वाटत होतं, माळ्यावर आहे म्हणजे आहे.” ज्यांना वाटतें कीं दुरुस्तीचा प्रश्न केवळ पैशाचा आहे, त्यांनीं या वाक्याचा विचार करावा. टाकलेली वस्तु जाते हें आपल्याला कळतें. ठेवलेली परंतु न पाहिलेली वस्तुही जाते, हें कळत नाहीं.

आतां आक्षेपांचा समाचार घेतों. पहिला आक्षेप : हें सारें एका खेळण्यासाठीं ! होय, खेळण्यासाठींच. मुलाला कार्यकारणभाव शिकविण्यास जळलेल्या अडॅप्टरहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकांत आहे ? शाळेंत जें व्होल्ट नांवाचें एकक पाठ होतें तें येथें नाकाला कळलें.

दुसरा आक्षेप : दुरुस्तीपेक्षां नवें स्वस्त. पुतण्यानें सुचविलेल्या छोट्या प्रतिकृतीचेंच पाहा. कंपनीनें ती २०१६ त काढली. तिच्यांत तीस खेळ आंतच भरलेले आहेत आणि कॅसेट घालावयास जागाच नाहीं. मूळ यंत्रासाठीं एकट्या अमेरिकेंत सहाशेंहून अधिक परवानाधारक खेळ निघाले होते. म्हणजे सहाशें पुस्तकांचें ग्रंथालय बंद करून कोणी तीस पुस्तकांचा संच द्यावा आणि त्याला स्वस्त म्हणावें, तसें हें आहे. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ त प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के बाजारांत मिळतच नव्हते. जें नवें मिळतच नाहीं तें नवें घ्या असें सांगणें हा सल्ला नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कारखानदारानें आपल्या कृतीचें रक्षण करूं नये काय ? अवश्य करावें. नक्कल करून विकणाऱ्याला शासन व्हावें. पण चोराला धरणें निराळें आणि सर्वांचे हात बांधणें निराळें. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानें डिजिटल कुलूप मोडणें हाच स्वतंत्र अपराध करून टाकला. मग दर तीन वर्षांनीं लोकांनीं सवलती मागावयाच्या. २०२१ त व्हिडिओ गेमच्या यंत्रांसाठीं दुरुस्तीची सवलत मिळाली, ती केवळ चकती वाचणारा भाग बदलण्यापुरती ! मिनेसोटा व कॅलिफोर्निया या राज्यांनीं २०२३ त आणि ओरेगॉननें २०२४ त दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, त्यांचें मी स्वागत करतों. परंतु तिन्ही कायद्यांनीं व्हिडिओ गेमचीं यंत्रें नांव घेऊन वगळलीं. हें पाहून ‘खेळण्याचें काय एवढें’ म्हणणारांनीं आपल्या मनाला विचारावें कीं, खेळणें जर एवढें क्षुद्र आहे तर त्याला कायद्याच्या बाहेर ठेवण्यासाठीं एवढी खटपट कां व्हावी ?

याबाबत आपला कायदा मुळांत अधिक समंजस आहे, हें सांगण्यास मला आनंद वाटतो. २०१२ त आपल्या प्रताधिकाराच्या कायद्यांत घातलेलें ६५-अ कलम कुलूप मोडणाऱ्याला शिक्षा सांगतें, पण हक्कभंग करण्याच्या हेतूनें मोडलें असेल तरच. हेतु पाहणें हा न्यायाचा जुना धर्म आहे. ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ त दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली, आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरास त्यासाठीं संकेतस्थळही सुरू केलें. शेतीचीं अवजारें, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणें आणि मोटारी हे त्या समितीपुढचे विषय. चांगली सुरुवात आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती मिळते; सुटा भाग आणि आंतला नकाशा देण्याची सक्ति त्यानें होत नाहीं. माझी मागणी साधी आहे. कारखानदारानें वाटेल तितकीं वर्षें आपली वस्तु स्वतः दुरुस्त करावी. निन्टेन्डोनें जपानांत फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चालविली, चोवीस वर्षें. हें तिला भूषणावह आहे. सुटे भाग मिळेनात म्हणून ती थांबली, तेंही समजण्यासारखें आहे. पण वैद्य गांव सोडून जातांना औषधाच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली बरोबर नेत नाहीं. ज्या दिवशीं कारखानदार दुरुस्ती थांबवील त्या दिवशीं नकाशे खुले व्हावे, आणि कुलूप उघडावें.

इतकें झाल्यावर कारखानदाराच्या माथीं सगळा दोष मारून मोकळें होणें सोपें आहे; पण तें खरें नव्हे. कुलूप चालतें, कारण आपण झांकण उघडतच नाहीं. आणि आपण तें उघडीत नाहीं याचें कारण परदेशांत नसून आपल्या ओसरीवर आहे. ज्ञान डोक्याचें, काम हाताचें, आणि ते हात दुसऱ्याचे, ही वांटणी आपल्या जातिभेदानें शतकानुशतकें पक्की केली. कल्हईवाला, रफूगर, घड्याळजी, स्टोव्हवाला यांच्या हातांत जी विद्या होती तिला आपण विद्या म्हटलेंच नाहीं. म्हणून ते दारावरून नाहींसे झाले तेव्हां कांहीं गेलें असेंही आपणांस वाटलें नाहीं. तपकीर गल्लींतल्या त्या मेकॅनिकांना कोणी विद्वान् म्हणणार नाहीं; पण अपरिचित वस्तूपुढें परिचित प्रश्न घेऊन उभें राहणें यालाच जर विद्वत्ता म्हणत नसतील, तर कशास म्हणतात ?

आणि हें आपल्याला जमणार नाहीं अशी सबब कोणी सांगूं नये. आपल्या आया आणि आज्या रोज सकाळीं रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारीत. ज्योत पिवळी कां, पंप बसत कां नाहीं, वायसर केव्हां बदलावा, हें त्यांना न पाहतां कळे. त्यांपैकीं कित्येकींना अक्षरओळख नव्हती. पेटत्या रॉकेलशीं निर्भयपणें वागणाऱ्या त्या बायकांच्या नातवंडांनीं पांच व्होल्टांच्या बोर्डाला भ्यावें, हें मोठें नवल आहे. सावधपणा हवाच : अडॅप्टरचें खोकें उघडूं नये, आणि जुन्या कांचेच्या नळीचा टीव्ही तर घरीं कधींच उघडूं नये, कारण तो बंद केल्यावरही आंत जीवघेणा विद्युत्संचय राहूं शकतो. पण धोका कोठें आहे हें जाणणें हाही त्याच विद्येचा भाग आहे. भीति आणि सावधपणा यांत अंतर ज्ञानाचेंच असतें.

सर्व कांहीं दुरुस्त होतें असें मी म्हणत नाहीं. कांहीं वस्तु खरोखर मरतात. त्यांना निरोप द्यावा. माझा जळलेला अडॅप्टर मीं टाकला, आणि त्यांत मला खेद नाहीं, कारण तो कां मेला हें मला ठाऊक आहे. माझी तक्रार न पाहतां दिलेल्या मृत्युदाखल्याविरुद्ध आहे. म्हणून वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, घरांतील एखादी वस्तु बंद पडली म्हणजे तिची विल्हेवाट लावण्यापूर्वीं त्या मुलीचा प्रश्न एकदां मोठ्यानें विचारावा : नक्की काय बिघडलें आहे ? उत्तर येत असेल तर दुरुस्त करावी किंवा टाकावी, दोन्ही शहाणपणाचेंच होईल. उत्तर येत नसेल, तर ती वस्तु मेली असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.